अठ्ठेचाळीस गुरुवार

फ्रिजच्या मधल्या कप्प्यात
पांढऱ्या चीजच्या डब्याला टेकून
सुया झोपलेल्या असायच्या,
थंड, पारदर्शक, शहाण्या मुलींसारख्या.
दर गुरुवारी मी एकीला उठवायची.
वग्दी सदरा वर करून म्हणायचा,
"टोच, राविया. शाळेच्या रांगेत
कुणी विचारलंसुद्धा नव्हतं."

त्या रांगेत कालव्यातल्या किड्यावरचं औषध
एकाच सुईने चाळीस पोरांना दिलं होतं.
किडा मेला.
सुईवरून दुसरंच कोणी आत आलं
आणि तीस वर्षं यकृतात
भाडं न देता राहिलं.

त्याला हुसकायला ही नवी सुई.
डॉक्टर इनायत म्हणाल्या, हे विष नाही,
शरीर स्वतः वाजवतं तीच धोक्याची घंटा आहे,
आपण फक्त ती बाहेरून वाजवायची, वर्षभर.
ताप येईल, केस गळतील, हाडं ठणकतील.
ताप आला. केस गळले.
मी तेवढंच मोजत राहिले.

चौदाव्या गुरुवारनंतर,
दमिएत्ताच्या आमच्या गल्लीत
सकाळी सातपासून रंधे बोलतात,
त्यातला त्याचा रंधा गप्प झाला.
खुर्ची तीन पायांवर. चौथ्याचं लाकूड मांडीवर.
दुखतंय का?
नाही.
रडावंसं वाटतंय?
तेही नाही.
मग?
चहावर साय धरेपर्यंत तो बोलला नाही.
मग म्हणाला, "लाकडाची नस सापडत नाही."

फवकिया म्हणाली, नजर.
मी मीठ जाळलं.
दीर म्हणाला, नमाज चुकवतो ना, मग असंच होणार.
आणि मी, मीसुद्धा म्हणाले,
मुलांकडे तरी बघ.
त्याने बघितलं. सांगितलं म्हणून.
भिंतीला ओल आलीय का बघावी
तसं.

मग एका रात्री पटाश्यांची पेटी
तो शाबानला देऊन आला. सगळी.
बापाच्या हातची, शिसवी मुठीची पटाशीसुद्धा.
"मला आता लागणार नाही," म्हणाला,
इतक्या सरळ आवाजात
की माझ्या हातातली परात खाली गेली.
सकाळची पहिली मिनीबस आम्ही पकडली.

इनायतबाईंनी औषधाच्या चिठ्ठीमागे
दोन रेघा काढल्या.
जेवणातून एक कच्चा माल येतो, म्हणाल्या,
मेंदू त्यातून मनाचा तोल घडवतो.
घंटा थांबलीच नाही, तर तो माल
वाटेतच दुसरीकडे वळतो,
आणि तिकडे त्याचं जे बनतं
त्यातलं काही मेंदूला सोसत नाही.
आतले पहारेकरीही जागे होतात,
लढाई नसलेल्या गल्लीत संचारबंदी लावतात.

वग्दीने मान वर केली.
"म्हणजे खुर्चीचं लाकूड
कोणी भट्टीत घालतंय."
"साधारण तसंच."
"मग हा मी नाही?"
बाईंनी पेन खाली ठेवलं.
बाहेर नर्स कुणाचं तरी नाव पुकारत होती,
दोनदा, तीनदा,
आणि कुणी उठत नव्हतं.

सुई सोडायची नाही, हे त्यानेच ठरवलं.
रोज सकाळी एक गोळी आली,
दर आठवड्याला मिनीबस आली,
पेटी मी शाबानकडून परत आणून
पलंगाखाली ठेवली, कुलूप लावून,
किल्ली माझ्या गळ्यात.

एकतिसाव्या की बत्तिसाव्या गुरुवारी
त्याने भाकरीचा घास मोडला, थांबला,
कपाळाला आठी घातली.
"चीज खारट झालंय. कुठून आणलंस?"
दुकानदाराला मी शिव्या घातल्या
आणि गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींमागे
बराच वेळ उभी राहिले.

अहवाल आला तेव्हा रक्तात तो भाडेकरू नव्हता.
दिराने सरबत वाटलं.
वग्दी दुपारी झोपला, संध्याकाळीही झोपला.
घंटा थांबली, तरी कानात काही दिवस राहते.

ती खुर्ची विकली गेली कधीच.
चौथा पाय शाबानने घडवला,
गिऱ्हाईकाला फरक कळला नाही.
त्याच्या वेलीची पानं जरा जास्तच उघडी आहेत.
वग्दी ती मिटती कोरतो.
काल त्याने किल्ली मागितली.
मी म्हटलं, आधी कोरायचंय काय ते सांग.
तो विचार करतोय.